बोटभर माशांची पाठवणी

ओमानहून परत आलेल्या माणसाने काय सांगायचं, हे आमच्या सोसायटीत ठरलेलं आहे. रस्ते कसे गुळगुळीत, हॉर्न कसा कोणी वाजवत नाही आणि खजूर किती मऊ. मी महिनाभर राहून आले, खजूरही प्रत्येक मजल्यावर वाटले. पण रस्त्यांचा विषय निघाला की माझी गाडी थेट खाबुऱ्याच्या किनाऱ्यावर जाऊन थांबते, मी माशांचं सांगायला लागते आणि समोरचा घड्याळ बघतो. म्हणून आता लिहूनच काढते. वाचणाऱ्याचं घड्याळ मला दिसत नाही.

अल हैल

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी मुग्धा मस्कतजवळ अल हैलला राहते आणि मासे वाढवते. म्हणजे समुद्री माशांची अंडी उबवून पिल्लं तयार करणाऱ्या एका केंद्रात ती शास्त्रज्ञ आहे. बहिणीला हे चारचौघांत सांगायला अजून जड जातं. ती ‘मुग्धा मरीनमध्ये आहे’ असं म्हणते आणि ऐकणाऱ्याला नौदल वाटलं तर वाटू देते.

अल हैलमध्ये घरं पांढरी, कुंपणाच्या भिंती पांढऱ्या आणि भिंतीमागच्या गाड्याही पांढऱ्या. समुद्र चालत दहा मिनिटांवर आहे, पण तिथवर चालत कोणी जात नाही. लोक गाडीने किनाऱ्यावर जातात आणि तिथे व्यायाम म्हणून चालतात. एप्रिल महिना होता. सकाळी आठला ऊन असं अंगावर यायचं की आजवर ठाण्याच्या मे महिन्याला जे जे बोलले होते, ते सगळं मी मनातल्या मनात मागे घेतलं.

जावई निखिल सोहारला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनियर. तो गुरुवारी संध्याकाळी उगवतो आणि शनिवारी मावळतो. नात रेवा नऊ वर्षांची. तिचं मराठी फार सभ्य आहे. चुका करते, पण थांबून, विचार करून करते. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “आजी, तू फिश बघायला येतो का?”

मी म्हटलं, “येतो.”

ओमानला येण्याआधी मुग्धा काही वर्षं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होती. तिथले सामन मासे आणि त्यांचे भाऊबंद स्टीलहेड यांची पिल्लं नदीतून पहिल्यांदा समुद्रात उतरतात तेव्हा त्यांचं काय होतं, एवढाच तिचा अभ्यास. ‘एवढाच’ हा शब्द माझा. मी ठाण्याच्या शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. सामन नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला जन्माच्या नदीत परत येतो, हे मी एका श्वासात सांगायचे आणि हात झटकून खडू ठेवायचे. पोहे खाता खाता मुग्धालाही मी ते ऐकवलं, जरा अभिमानानेच.

“मावशी,” ती म्हणाली, “तुझ्या त्या वाक्यात ‘मोठा होतो’ आहे ना, तिथेच बहुतेक सगळे मरतात.”

मग पोहे गार होईपर्यंत तिने मला शिकवलं. नदीत असतानाच पिल्लांचा रंग पालटतो, अंग चांदीसारखं होतं. कल्ल्यांचं काम उलटं होतं. नदीत मीठ धरून ठेवायचं, समुद्रात ते बाहेर टाकायचं. लहानपण नदीतले किडे खाण्यात गेलेलं असतं. आता खेकड्यांची, कोळंबीसारख्या जिवांची बारीक पिल्लं ओळखून पकडायची असतात. तोवर नदीच्या मुखाशी पक्षी पंगत मांडून बसलेले असतात. स्टीलहेड फारसं रेंगाळत नाही, तडक खोल समुद्राकडे सुटतं. सामनच्या काही जाती मात्र किनाऱ्याजवळ घुटमळत राहतात. ज्या वर्षी खालचं गार पाणी वेळेवर वर येतं, त्या वर्षी खाणं भरपूर. नाही आलं, तर समुद्र कोमट आणि पिल्लं काटकुळी. पहिल्या काही आठवड्यांत जे भराभर वाढतं, ते वाचण्याची शक्यता जास्त, कारण मोठं पिल्लू गिळायला अवघड.

“हे मी मुलांना का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“पुस्तकात नव्हतं.”

ती समजूत घालत होती की टोमणा मारत होती, ते कळलं नाही. आमच्या घराण्यात दोन्हीचा आवाज एकच आहे.

इथे ओमानमध्ये सामन नाही. इथे मुग्धा वाढवते तो मासा सुबैती. चंदेरी, जाड मानेचा, खाणाऱ्यांचा लाडका आणि त्यामुळेच कमी होत चाललेला. केंद्र दर वर्षी त्याची बोटभर पिल्लं समुद्रात सोडतं आणि वर्तमानपत्रात फोटो देतं. ती पुढे जगतात का, हे बघणं मुग्धाचं काम. मागच्या वर्षी सोडल्यानंतर दोन आठवड्यांनी तिने जाळी टाकली होती. केंद्रातलं एकही पिल्लू सापडलं नाही. पण छापून आलेल्या बातमीत ‘पिल्ले समुद्रात यशस्वीरीत्या विखुरली’ असं होतं.

“हे वाक्य कोणाचं?”

“आमच्या प्रसिद्धी विभागातला पराग आहे. पुण्याचा.”

“तरीच.”

“हसू नकोस मावशी. या वर्षीही काही सापडलं नाही तर शोधायचं काम बंद करणार आहेत. म्हणे, सोडणं महत्त्वाचं, शोधणं खर्चिक.”

खाबुऱ्याकडे

पिल्लांना प्रवासाच्या आदल्या दिवशी उपाशी ठेवतात, म्हणजे टाकीतलं पाणी घाण होत नाही. मी स्वतः ठाण्याहून निघताना धपाटे, चकल्या आणि डिंकाचे लाडू घेऊन निघाले होते, त्यामुळे ही पद्धत मला क्रूर वाटली. दुसरं, प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यामागे कातडीखाली नारिंगी रंगाची बारीक रेघ भरलेली होती. पुढे जाळ्यात सापडलं तर आपलं कोणतं हे कळावं म्हणून.

पहाटे ट्रक भरला. ट्रकवर गार पाण्याच्या चार टाक्या, शेजारी ऑक्सिजनचे दोन सिलिंडर आणि या सगळ्याचा मालक असल्यासारखा डॉमनिक. डॉमनिक वसईचा. केस माझ्यापेक्षा पांढरे, तरी मला आंटी म्हणतो. आखातात त्याची अर्धी हयात गेली आहे. पूर्वी हॉटेलांत एसी दुरुस्त करायचा, आता माशांचा एसी सांभाळतो.

“आंटी, हॉटेलपेक्षा हे बरं,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक तक्रार करत नाय.”

“मग काही बिघडलं तर कळतं कसं?”

“मरतो ना.”

रस्ता सरळ आणि गुळगुळीत होता, एवढं सोसायटीसाठी लिहिते. एका बाजूला खजुराच्या बागा आणि त्यांच्यामागे कुठेतरी समुद्र, दुसऱ्या बाजूला लांबवर भाजलेल्या विटेच्या रंगाचे डोंगर. वाटेत एका मलबारी टपरीसमोर थांबलो. इथे गाडीतून उतरायचं नसतं. हॉर्न वाजवला की चहा खिडकीशी येतो. हॉर्न कोणीच वाजवत नाही असं सांगणारे लोक बहुधा चहा पीत नसावेत. मुग्धाने चहा घेतला नाही. ती टाकीच्या झाकणातून आत बघत होती.

तिचा बेत साधा होता. आठच्या आत पोहोचायचं. भरतीच्या वेळी खाबुऱ्याजवळच्या छोट्या खाडीत, जिथे गवत आहे आणि लपायला जागा आहे, तिथे टाकीच्या पाण्यात हळूहळू समुद्राचं पाणी मिसळायचं आणि पिल्लं सोडायची. पक्ष्यांच्या लक्षात येईपर्यंत ती गवतात शिरलेली असतील.

किनाऱ्यावर पोहोचलो आणि समोर मांडव दिसला.

खाबुरा

पांढरा मांडव, पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्या, खुर्च्यांच्या पाठीला निळे बो. वाळूवर लाल गालिचा. मागे भलामोठा फलक, आणि फलकावर धबधब्यातून उसळी मारणारा एक देखणा मासा.

मुग्धा फलकाकडे बघत राहिली. “पराग, हा सामन आहे.”

“भारी आहे ना?” पराग म्हणाला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घामाचा एक थेंब नाही. “सुबैतीचे फोटो बघितले मी. त्यात काही दम नाही.”

“सामन ओमानच्या समुद्रात नसतो.”

“लोकांना कुठे कळतंय?”

मी पस्तीस वर्षं ज्यांना शिकवलं त्यांतलाच हा एक असता तरी मला आश्चर्य वाटलं नसतं.

कार्यक्रम नऊला होता. प्रमुख पाहुणे सोहारहून निघाले होते. साडेनऊला ते निघणार होते. दहाला, इन्शाल्ला, ते निघतच होते. खाडीकडची भरती केव्हाच उतरायला लागली होती. मुग्धा दर दहा मिनिटांनी परागकडे जायची आणि पराग दर वेळी तेच सांगायचा, “मॅडम, फक्त पाच मिनिटं. गालिच्यावरून बादल्या नेऊन सोडायचंय, व्हिडिओ ठरलाय.” गालिचा जिथे संपत होता तिथे पाणी घोट्याएवढं, स्वच्छ, तळाची वाळू दिसणारं. लपायला एक काडी नाही. आणि वर सीगल पक्षी जमायला लागले होते. त्यांना पत्रिका कोणी पाठवली कोण जाणे, पण वेळेवर आलेले पाहुणे तेवढेच.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला पाहुण्यांची वाट बघत उन्हात उभ्या केलेल्या मुली चक्कर येऊन पडायच्या. मग त्यांना ग्लुकोजचं पाणी देऊन पुन्हा रांगेत उभं करायचं. पाहुणे आल्यावर मी टाळ्याही वाजवायचे. हे आठवलं आणि परागवर रागवायचा माझा उत्साह थोडा कमी झाला.

साडेदहाच्या सुमाराला डॉमनिकने हाक मारली. पहिला सिलिंडर संपला होता आणि दुसऱ्याचा कॉक फिरत नव्हता. त्याने पान्याने ठोकून बघितलं, फडकं गुंडाळून बघितलं, येशूचं नाव घेतलं, मग येशूला चालणार नाही असंही काही घेतलं. कॉक हलला नाही. टाकीत डोकावलं तर इतका वेळ खाली फिरणारी पिल्लं वर आली होती. शेकडो इवली तोंडं पाण्याबाहेर निघून उघडत होती, मिटत होती. आवाज काहीच नाही.

“किती वेळ?” मुग्धाने विचारलं.

“अर्धा तास. जास्त पकडू नको.”

मुग्धाने परागला सांगितलं. पराग गंभीर झाला आणि म्हणाला, “मी वर बोलून घेतो.” तो फोन घेऊन मांडवाच्या टोकाला गेला. मुग्धा त्याच्या पाठीकडे क्षणभर बघत राहिली. मग तिने सँडल काढून ट्रकखाली टाकले.

“डॉमनिक, खाडीकडे. यल्ला, निघ.”

“मॅडम, वाळूत ट्रक रुतेल. आणि अर्बाब विचारेल.” अर्बाब म्हणजे तिथले मोठे साहेब.

“रुतेल तिथपर्यंत चल. अर्बाबला मी सांगते.”

ट्रक मांडवामागून वळला आणि खाडीपासून शंभरेक पावलांवर, अगदी दिलेला शब्द पाळल्यासारखा, रुतला.

किनाऱ्यावर काही कोळी जाळी विणत बसले होते. त्यांच्यातला एक म्हातारा उठून आला. नाव खमीस, हे नंतर कळलं. डोक्याला रुमाल, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. त्याने टाकीत बघितलं, मग मांडवाकडे बघितलं.

“मछली मर रही है और कुर्सी खाली है?” तो म्हणाला.

त्याने मागे वळून दोन हाका मारल्या. पाच मिनिटांत दोन पिकअप आल्या. त्यांत बोटीवर बर्फासाठी ठेवतात तसले मोठे डबे. डॉमनिक टाकीच्या नळाला पाइप लावून डब्यांत पिल्लं सोडायचा, पिकअप खाडीच्या काठाला जायच्या, तिथे आम्ही बादल्यांत घेऊन त्यात मगाने समुद्राचं पाणी घालायचं, थोडं थांबायचं, पुन्हा घालायचं, मग बादली गवतात आडवी करायची. मुग्धाने मला एकदाच समजावलं. “घाई करायची नाही मावशी. टाकीतलं पाणी गार आहे, खाडीचं गरम. एकदम ओतलंस तर त्यांना झटका बसेल. दहा मग, मध्ये मध्ये थांबून.”

मी गुडघाभर पाण्यात साडी खोचून उभी राहिले. पहिली बादली नियमाने केली. दुसरी, तिसरीही. पिल्लं बादली आडवी होताच क्षणभर थबकायची आणि मग गवतात अशी नाहीशी व्हायची की ती होती की नव्हती असं वाटावं. पण मागे डब्यांची रांग लागायला लागली. खमीसची माणसं भराभर आणत होती, डॉमनिक ‘जल्दी, जल्दी’ ओरडत होता, आणि मी मनाशी म्हटलं, दहाऐवजी चार मग घातले तर काय बिघडणार आहे? चौथी बादली मी चार मगांवर ओतली. पाचवी दोन मगांवर. आणि गवतापर्यंतही नेली नाही, उभी होते तिथेच ओतली.

पिल्लं गेली नाहीत. ती पाण्यावर आडवी झाली. पांढरी पोटं वर, कल्ले उघडे, एखादी शेपटी अर्धवट हललेली. मी हाताने त्यांना सरळ करायला लागले. एक सरळ केलं की दुसरं आडवं. तेवढ्यात डोक्यावर पंखांचा आवाज आला आणि माझ्या हातापासून वीतभर अंतरावरून पहिलं उचललं गेलं. मग दुसरं. मी बादली फिरवली, ओरडले, पाणी उडवलं. पक्षी मला घाबरले नाहीत. बाजूला झाले आणि पुन्हा आले. त्या दोन बादल्यांतली किती वाचली ते माहीत नाही. फार नसावीत.

मुग्धाने ते बघितलं होतं. ती पाण्यातून माझ्याजवळ आली. मला वाटलं आता बोलेल. मी तिच्या जागी असते तर बोलले असते, आणि चांगलं तासभर.

“पाण्याचा मग हातात घे,” ती म्हणाली. “पुढची बादली आली.”

खमीस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने डोक्याचा रुमाल सोडला आणि पक्ष्यांवर फिरवायला लागला. “आप गिनो, माताजी,” तो म्हणाला, “ऊपर मैं देखता है.” मी गिनायला लागले. एक मग. थांबा. दोन मग. पाठ मोडली, उन्हाने डोकं फिरायला लागलं, पण त्यानंतर एकही बादली मी नऊ मगांवर ओतली नाही.

शेवटच्या टाकीच्या तळाची बरीच पिल्लं मेली. पण बाकीची खाडीत गेली. डॉमनिक पाण्यात बसून राहिला, कपड्यांसकट.

पाहुणे साडेअकराला आले. मुग्धाने एक पारदर्शक टब तेवढा राखून ठेवला होता. त्यात वीस-पंचवीस पिल्लं, हाताने हवा मारून जगवलेली. पाहुण्यांनी गालिच्यावरून चालत जाऊन ती घोट्याएवढ्या पाण्यात सोडली. व्हिडिओ छान झाला. पाहुणे माणूस म्हणून सज्जन होते, मुग्धाला त्यांनी विचारलं, “बाकीची कुठे आहेत?” ती म्हणाली, “ती पुढे गेली.” पाहुणे हसले. पराग हसला नाही.

सोहार

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. निखिलची त्या सुट्टीतही ड्यूटी होती म्हणून रेवाला घेऊन आम्हीच सोहारला गेलो. सोहार म्हणजे बंदर, चिमण्या, भट्ट्या आणि जागतिक दर्जाचे मासे वाढणारी साधी हॉटेलं. त्यांतल्या एकात बसलो. रेवाने मेनूकार्ड मोठ्याने वाचलं आणि एका ओळीवर थांबली. “मम्मा, इथे सुबैती आहे. आपला का?”

“आपला इतका मोठा नाही झाला अजून,” मुग्धा म्हणाली.

डॉमनिक पिकअपने ओढून काढलेला ट्रक घेऊन परत गेला होता, नाहीतर त्याने मागवला असता. आम्ही डाळ-भात मागवला. वेटरने दोनदा खात्री करून घेतली.

जेवताना मुग्धाच्या फोनवर पत्र आलं. ठरलेला कार्यक्रम परवानगीशिवाय बदलल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा द्यावा. तिने ते निखिलला दाखवलं. निखिलने वाचून फोन उलटा ठेवला.

“काँट्रॅक्ट कधी संपतंय तुझं?” त्याने विचारलं.

“जूनमध्ये.”

तेव्हा मला बोलायचं होतं ते मी बोलले. “माझ्या दोन बादल्या गेल्या मुग्धा. अधीरपणाने. खुलाशात तेही लिही.”

तिने माझ्याकडे बघितलं. “अमेरिकेत पहिल्या वर्षी माझ्या हातून अख्खी टाकी गेली होती,” ती म्हणाली. “पाणी तपासलं नव्हतं. रात्रंदिवस रडत होते. माझ्या प्राध्यापिका म्हणाल्या, रड, पण उद्या सातला ये.” मग तिने ताटात भात वाढून घेतला. तोवर तिने काही खाल्लंच नव्हतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

खुलासा तिने दोन ओळींत दिला. ऑक्सिजन संपला. मासे वाचवले. आता पुढे काय होणार म्हणून मी अल हैलमध्ये चार दिवस झोप उडवून घेतली. पाचव्या दिवशी वर्तमानपत्रात पाहुण्यांचा फोटो आला, मागे उसळी मारणारा सामन, पुढे टब. फोटो वरच्यांना इतका आवडला की पत्राचं पुढे काही झालं नाही. डॉमनिकच्या भाषेत, खलास. मासे वाचवल्याने नोकरी गेली असती, फोटोमुळे राहिली. मुग्धाला याचं वाईट वाटलं नाही. मला वाटलं, पण मला पेन्शन आहे.

पुन्हा खाबुरा

दोन आठवड्यांनी आम्ही जाळी घेऊन परत गेलो. मांडव नव्हता, गालिचा नव्हता. खमीस मात्र होता. मुग्धाच्या हातातलं जाळं बघून त्याने ते तिच्याकडून काढूनच घेतलं.

“ये जाली बच्चों के खेलने का है,” तो म्हणाला आणि आपलं बारीक आसाचं, चिमुकल्या भोकांचं जाळं घेऊन आला.

सकाळी सातपासून ओढत होतो. खाडीत काय काय निघालं! खेकडे, काचेसारखी कोळंबी, दुसऱ्याच जातींची पिल्लं, एक चप्पल. प्रत्येक चंदेरी पिल्लू मुग्धा ओल्या हातात घेऊन डोळ्यामागे बघायची आणि परत सोडायची. रेघ नाही. रेघ नाही. नऊ वाजले. डॉमनिक जाळ्याचं दुसरं टोक धरून होता. त्याने गुणगुणायचं थांबवलं. मुग्धाच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून मी पाण्याकडे बघत होते.

दहाव्या की अकराव्या ओढीला खमीसनेच पहिलं बघितलं. “ये आपका है?”

डोळ्यामागे नारिंगी रेघ.

मुग्धाने रेघ दोनदा तपासली. ते पिल्लू तिने पाण्याच्या डब्यात ठेवलं आणि म्हणाली, “अजून एकदा.” अजून चार वेळा ओढलं. आणखी दोन सापडली. तीन झाली. मग ऊन चढलं आणि जाळं रिकामं यायला लागलं.

आता ती काही खातात का ते बघायचं होतं. त्यासाठी मासा मारायची गरज नसते, हे मला तेव्हा कळलं. बारीक नळी लावलेल्या पिचकारीने पिल्लाच्या तोंडातून हळूच पाणी सोडायचं. पोटात असेल ते बाहेर येतं. पिल्लू धरायचं काम मुग्धाने मला दिलं. मी म्हटलं, “मला? बादल्यांनंतर?”

“तू आता मोजतेस,” ती म्हणाली.

ओल्या हातात पहिलं धरलं. ते काटकुळं होतं, कण्याची रेघ कातडीतून जाणवत होती. पाणी सोडलं, पाणीच बाहेर आलं. पोट रिकामं. दोन आठवड्यांत त्याला समुद्रात खाण्यासारखं काही सापडलं नव्हतं, किंवा सापडलेलं खाणं आहे हे त्याला कळलं नव्हतं. दुसरं धरलं. तेही तसंच. आयुष्यभर वरून पडणारे दाणे खाल्लेल्या जिवाला पळणारं अन्न कोण शिकवणार? मुग्धा वहीत लिहीत होती, मान वर न करता.

तिसरं जरा जड लागलं, की मला तसं वाटलं. ते हातात सारखं वळवळत होतं, धरून ठेवणं कठीण. मुग्धाने पाणी सोडलं. माझ्या तळहाताखाली धरलेल्या पांढऱ्या बशीत आधी पाणी पडलं आणि मग एक गुलाबीसर गोळा. तिने तो सुईने पसरला. बारीक पाय. काळे ठिपक्याएवढे डोळे. कोळंबीची पिल्लं, एक नाही, सात-आठ.

“खाया!” खमीस बशीवर वाकून ओरडला. घरच्या रुसलेल्या पोराने जेवण केल्यासारखा.

मुग्धा वाळूत बसली. हसत होती आणि मनगटाने डोळे पुसत होती, हाताला मासळीचं पाणी होतं म्हणून. “मावशी, याने शिकून घेतलं,” ती म्हणाली. “कोणी दाखवलं नाही, याने शिकून घेतलं.” डॉमनिकने क्रूसाची खूण केली. मी ते पिल्लू दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, ते कल्ले हलवायला लागेपर्यंत थांबले, आणि ओंजळ उघडली. उरलेली दोन्ही सोडली, तितकाच वेळ थांबून.

शोधायचं काम चालू राहिलं. एका जेवलेल्या माशावर ते कसं चालू राहिलं, ते मुग्धाने तिच्या वरच्यांना टेबलं आणि आलेख काढून समजावलं. मला त्यातलं समजलं नाही, त्यांना समजलं असेल असंही नाही, पण त्यांनी सही केली.

त्या दिवशी परत निघताना गाडीत परागचा फोन आला. मुग्धा चालवत होती, म्हणून मी घेतला.

“काकू, नमस्कार. बातमी द्यायचीय. किती सापडले?”

“तीन.”

“तीन हजार?”

“तीन.”

मग तो म्हणाला, “‘अनेक’ लिहू का?”

“तीन लिहा,” मी म्हटलं. “आणि त्यातला एक जेवला होता, हेही लिहा.”

“काकू, पण हे इंग्रजीत कसं लिहायचं?”

मी मुग्धाकडे बघितलं. ती मोठ्याने हसत होती, रस्त्यावरची नजर न काढता. मी परागला म्हटलं, “इंग्रजीचं तुम्ही बघा. मराठीत मी लिहिते.”